अमला-कमलाला लांडग्यांनी वाढवलंच नव्हतं

समाजशास्त्राच्या गाईडमधे अजून छापतात की १९२० ला मिदनापूरजवळ लांडग्यांनी वाढवलेल्या दोन मुली सापडल्या, हातापायांवर पळायच्या, म्हणून माणूस समाजातच घडतो वगैरे. अहो पण पुरावा काय, तर अनाथाश्रमवाल्या रेव्हरंड सिंगांची डायरी, आणि सर्ज आरोल या फ्रेंच सर्जनने कागद उकरले तर त्याच्या मते ती डायरी मुली वारल्यावर लिहिलेली, फोटोपण नंतरचे.

माणूस समाजातच घडतो हा मुद्दा खराय हो, पण त्याला लांडगे कशाला? ओहायोत १९३८ ला इझाबेल सापडली, साडेसहा वर्षांची, मूकबधिर आईसोबत अंधाऱ्या खोलीत कोंडलेली, नुसत्या खाणाखुणा, आणि माणसांत आल्यावर दोनेक वर्षांत धडाधड बोलायला लागली, पुढे शाळेतही गेली. खाणाखुणांनी का होईना, आईशी तिचं बोलणं चालूच होतं ना, म्हणजे ती अगदीच एकटी नव्हती.