निजामकालीन शाळा: दगड, चुना आणि माती

मराठवाड्यात जुन्या दगडी शाळेचा विषय निघाला की कुणीतरी किल्लारीचं नाव घेतंच. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमाराला झालेल्या भूकंपाने लातूर-धाराशिवची गावंच्या गावं झोपेत गाडली. तेव्हापासून दगडी भिंत म्हणजे मरण, ही भीती मनात घर करून बसली. भीती खरी आहे, पण सगळा दोष दगडाच्या माथी मारणं मला पटत नाही.

१७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. सरकारी शिक्षणावर उर्दूचा पगडा. खेड्यात तर शाळेला स्वतःची इमारतही क्वचितच. मुलं देवळात, चावडीत, नाहीतर एखाद्या वाड्याच्या ओसरीवर बसत. मराठी मुलांसाठी हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते. १९६२मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. जुन्या इमारतींना 'निजामकालीन' हे नाव मात्र चिकटून राहिलं.

या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी बांधकामं येतात. एक चुन्याचं: घडीव काळा दगड, कमानी, बैलांच्या घाणीत मळलेला चुना, त्यात गूळ नाहीतर बेलफळाचं पाणी. हा चुना वर्षं जातील तसा घट्ट होत जातो. अशा भिंतीच्या सांध्यात नख रोवून पाहा, रोवलं जात नाही.

दुसरं मातीचं. दोन-तीन फूट जाडीची भिंत बाहेरून भक्कम दिसते, पण आत दगडांचे दोन वेगळे पदर आणि मध्ये माती व बारीक दगडगोटे. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर: तुळया, त्यांवर किलचन (लाकडी फळ्या-काड्यांचा थर) आणि फूट-दोन फूट पांढरी माती. गळतं म्हणून दर पावसाळ्याआधी तिच्यावर आणखी थर चढवायचा. उन्हाळ्यात खोली गार राहायची, पण डोक्यावरचं ओझं वाढतच जायचं. धक्का बसला तेव्हा भिंतीचे पदर फाकले आणि ओझं खाली आलं. कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या, तरी सागवानी खांब-तुळयांचे खण उभेच राहिले.

भूकंपानंतर हेच ओळखून दुरुस्तीचे उपाय ठरले: माळवदावरची माती कमी करायची, भिंतीला आरपार भोकं पाडून त्यात सळई-काँक्रीट भरायचं, वरून सगळ्या भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा घालायचा. म्हणून जुनी दगडी शाळा पाडायचा ठराव घेण्याआधी इंजिनिअरला बोलवा, एका कोपऱ्यातले दोन दगड काढायला लावा आणि आत चुना आहे की माती, हे डोळ्यांनी बघा.