खंडित कॅस्पेज-३ ओळखणारे सशाचे मोनोक्लोनल प्रतिपिंड

कॅस्पेज-३ या मानवी एंझाइमाचे केवळ सक्रिय झालेले रूप ओळखणारे, सशापासून मिळवलेले हे मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेले एकसारखे, प्रतिपिंड (अँटिबॉडी) नियोजित पेशीमृत्यूच्या म्हणजे अपॉप्टोसिसच्या संशोधनात वापरले जाते. हे एंझाइम पेशीत एरवी २७७ अमिनो आम्लांच्या, सुमारे ३२ किलोडाल्टन वजनाच्या निष्क्रिय साखळीच्या रूपात असते. मृत्यूचा संकेत मिळाल्यावर कॅस्पेज-८ किंवा कॅस्पेज-९ ही त्याच कुळातील एंझाइमे ती साखळी १७५ व्या स्थानावरील अस्पार्टिक आम्लानंतर तोडतात आणि मगच कॅस्पेज-३ इतर प्रथिने कापू लागते. त्यामुळे एंझाइम पेशीत आहे एवढे कळून संशोधकाचे भागत नाही. ते तुटले आहे की नाही, हे कळावे लागते. या तुटीलगतच्या क्रमाचा कृत्रिम पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) सशाला टोचून आणि मिळालेल्या प्रतिपिंडांतून काटेकोर निवड करून, अखंड साखळीला न चिकटणारे प्रतिपिंड वेगळे काढले जाते.

अशा कामाला ससा विशेष उपयोगी ठरतो, कारण जनुक-रूपांतरण (प्रतिपिंडाच्या जनुकात इतर जनुकखंडांतील क्रम उतरणे) आणि कायिक अतिउत्परिवर्तन (त्या जनुकात वेगाने होणारे बदल) या दोन्ही मार्गांनी त्याच्या प्रतिपिंडांत विविधता येते आणि लहान पेप्टाइडांविरुद्धही घट्ट बंध करणारी प्रतिपिंडे मिळू शकतात. शिवाय उंदराच्या ऊतींवर काम करताना उंदराचेच प्रतिपिंड वापरले, तर दुय्यम प्रतिपिंड (पहिल्या प्रतिपिंडाला चिकटून त्याची जागा दाखवणारे) ऊतीतील मूळच्या प्रतिपिंडांनाही चिकटते. सशाच्या प्रतिपिंडाने हा घोटाळा टळतो. तरीही सशाची पाळी उशिरा आली. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराच्या पेशींपासून हायब्रिडोमा (प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कर्करोगाची पेशी यांच्या संयोगातून झालेली, अखंड वाढणारी पेशी) १९७५ मध्ये तयार केला, परंतु सशासाठी अशा संयोगाला योग्य मायलोमा पेशी (प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या पेशी) नव्हत्या आणि उंदीर-ससा संकर पेशी टिकाऊ ठरत नव्हत्या. शिकागोच्या लोयोला विद्यापीठातील कॅथरीन नाइट यांच्या गटाने १९९५ मध्ये पराजनुकीय (बाहेरचे जनुक घातलेल्या) सशांपासून संयोगास योग्य पेशी मिळवल्या, तेव्हा ही अडचण सुटली. आता मात्र निवडलेल्या प्रतिपिंडाची जनुके संवर्धित पेशींत घालून उत्पादन घेण्याकडे कल आहे, आणि तुकडीगणिक गुणवत्ता सारखी राहण्याच्या दृष्टीने तो योग्यच आहे.

वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने वजनानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या पद्धतीत) या प्रतिपिंडाने सुमारे १७ आणि १९ किलोडाल्टनचे पट्टे दिसतात; दुसरा पट्टा पूर्वखंडाचा (साखळीच्या सुरुवातीच्या भागाचा) काही भाग अजून जोडलेल्या तुकड्याचा असतो. फॉर्मॅलिनमध्ये स्थिर केलेल्या, पॅराफिनमधील ऊतींच्या कापांवर ते वापरण्यापूर्वी उष्णतेने प्रतिजन (प्रतिपिंड ज्यांना चिकटते ते रेणू) मोकळे करावे लागतात. धन नियंत्रणासाठी, म्हणजे पट्टा दिसायलाच हवा असा नमुना म्हणून, स्टॉरोस्पोरिन हे पेशीमृत्यू घडवणारे रसायन दिलेल्या जर्काट या मानवी टी-पेशी घेतल्या जातात. ऋण नियंत्रणासाठी, म्हणजे पट्टा दिसता कामा नये असा नमुना म्हणून, एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशी सोयीच्या आहेत, कारण कॅस्पेज-३ च्या जनुकातील ४७ बेस-जोड्यांच्या लोपामुळे त्यांत हे एंझाइम तयारच होत नाही. पण या पेशी कॅस्पेज-७ सारख्या अन्य मार्गाने मरू शकतात, म्हणून पट्टा दिसला नाही एवढ्यावरून पेशी जिवंत आहेत असे मानता येत नाही.