यादीतली 'असल्यास' ओळ

परवा दादरला भाचीकडे गेलो, तर तिचा लॅपटॉप काळ्या पडद्यावर अडलेला. डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती, लॉगिनची चौकट गायब. "मामा, गेला का रे हा?" कॉलेजचा प्रोजेक्ट त्यातच होता.

गेला नव्हता. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकदम दाबल्यावर नुसत्या अक्षरांचा पडदा आला. तिथे तिने नाव आणि पासवर्ड टाकला. (पासवर्ड टाकताना ठिपकेही उमटत नाहीत. कीबोर्ड बिघडला असं समजू नका.) फायली जिथल्या तिथे होत्या.

तिने नुकतीच आर्च लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घातली होती आणि लॉगिनसाठी लाइटडीएम. हा प्रोग्रॅम पडद्यामागे राहून काम करतो. नाव-पासवर्डाची चौकट काढणारा प्रोग्रॅम वेगळा असतो, त्याला ग्रीटर म्हणतात. ही फारकत मला फार शहाणपणाची वाटते. लाइटडीएमच्या हाती यंत्राचे सगळे अधिकार असतात. चित्रं, फॉन्ट, बटणं सांभाळणारा कोड मोठा, त्यात चुकाही जास्त. त्याला तेवढे अधिकार देणं धोक्याचं. म्हणून ग्रीटर मर्यादित अधिकारांवर चालतो. पासवर्ड तो फक्त विचारतो आणि लाइटडीएमकडे पोचवतो. खरा-खोटा ठरवते पॅम ही व्यवस्था. अक्षरांच्या पडद्यावरही पारखणारी पॅमच, म्हणून तिचा तोच पासवर्ड तिथे चालला.

लाइटडीएमच्या नोंदवहीत कारण स्पष्ट होतं: ग्रीटरचं सेशन तयार करता आलं नाही. ग्रीटर लॅपटॉपवर नव्हताच.

आर्चवर प्रोग्रॅम पॅकेजच्या रूपात मिळतात, आणि ती आणून बसवतो पॅकमन. एक पॅकेज घातलं की त्याला लागणारी बाकीची पॅकेजं तो आपोआप आणतो. मग हेच कसं राहिलं? भटजींनी दिलेली पूजेच्या साहित्याची यादी आठवा. नारळ, सुपारी, विड्याची पानं हवीतच. काही ओळींपुढे मात्र 'असल्यास' लिहिलेलं असतं. पॅकेजच्या यादीतही अशा ऐच्छिक ओळी असतात. त्या पॅकमन दाखवतो, आणत नाही. ग्रीटर अनेक प्रकारचे मिळतात, कुठला घ्यायचा हे आर्च तुमच्यावर सोडतं. म्हणून तो 'असल्यास'मध्ये. पण एकही नसेल तर लॉगिनचा पडदा येणारच कसा? भाचीच्या डोळ्यांसमोरून ती ओळ सरकून गेली होती.

राऊटरची केबल लावली आणि 'सुडो पॅकमन -एस लाइटडीएम-जीटीके-ग्रीटर' ही आज्ञा तिच्याकडूनच टाइप करून घेतली. लॅपटॉप पुन्हा सुरू केला. करड्या चौकटीत तिचं नाव आलं. आत शिरल्याशिरल्या तिने प्रोजेक्टची प्रत पेनड्राइव्हवर घेतली.