शेतकरी बाई, भाताची पेंढी आणि एक अदृश्य अक्षर

व्हॉट्सॲपवर आपण जोडलेले हात पाठवतो, तेव्हा चित्र जातच नाही. जातो फक्त एक आकडा : १२८५९१. तो पोचला की समोरचा फोन स्वतःजवळच्या संचातून त्या क्रमांकाचं चित्र काढून दाखवतो. आपला 'क' सुद्धा २३२५ या क्रमांकानेच प्रवास करतो. जगभरच्या लिप्यांची ही यादी म्हणजे युनिकोड.

शिगेताका कुरिता यांनी १९९९ साली जपानच्या एनटीटी डोकोमोसाठी १७६ चिमुकली चित्रं केली, प्रत्येक १२ बाय १२ ठिपक्यांत. पण तिथल्या मोबाइल कंपन्यांचे संच आणि क्रमांक वेगवेगळे होते. २०१० मध्ये युनिकोडने इमोजींना एकसारखे क्रमांक दिले आणि चित्रांना अक्षरांचा दर्जा मिळाला.

यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट आपल्या लिपीशी जोडलेली आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या. दुसऱ्या शब्दातला तो आडवा अर्धा र उमटवण्याची एक रीत अशी : पाय मोडलेल्या 'र'नंतर ८२०५ क्रमांकाचं अदृश्य अक्षर टाकायचं, मग 'य'. हे अक्षर स्वतः दिसत नाही, शेजाऱ्यांना सांधतं. देवनागरी, अरबी अशा लिप्यांसाठी ते इमोजींच्या आधीपासून होतंच. पुढे इमोजीवाल्यांनीही तेच उचललं. शेतकरी बाईचं चित्र म्हणजे बाई (१२८१०५), मग ८२०५, मग भाताची पेंढी (१२७८०६). जुन्या फोनला ही जोडणी कळत नाही. तिथे बाई वेगळी आणि पेंढी वेगळी दिसते. आपल्या जोडाक्षरांची सोय आज जगभर, मराठीचा गंधही नसलेल्या लोकांच्या गप्पांत राबते आहे, याचा मला मनापासून आनंद होतो.

मात्र क्रमांक तोच पोचला म्हणून भावही तोच पोचेल असं नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये लोकांना वेगवेगळ्या कंपन्यांचे इमोजी दाखवले. १२८५१३ क्रमांकाचा दात दाखवून हसणारा चेहरा इतर फोनांवर खुशीचा वाटायचा, पण ॲपलच्या तेव्हाच्या चित्रात तो दातओठ खाल्ल्यासारखा दिसे. अगदी एकच चित्र पाहूनही भाव चांगला, वाईट की मधला यावर सुमारे २५ टक्के वेळा मतभेद झाले. म्हणून सांत्वनाच्या निरोपात मी नुसता चेहरा कधीच पाठवत नाही. सोबत दोन शब्द लिहितोच.

पिस्तुलाच्या इमोजीचं तर आणखी वेगळं झालं. ॲपलने २०१६ मध्ये खऱ्या पिस्तुलाच्या जागी हिरवी पिचकारी आणली, २०१८ मध्ये इतर मोठ्या कंपन्यांनीही तेच केलं. क्रमांक बदलला नाही, १२८२९९ च राहिला. त्यामुळे २०१५ साली कुणी पाठवलेली धमकी आज त्याच संभाषणात वर जाऊन पाहिली, तर बहुतेक ठिकाणी पिचकारी दिसते.