नागरी सहकारी बँक (बडोदे)

नागरी सहकारी बँक : शहरातल्या पगारदारांनी, छोट्या दुकानदारांनी आणि कारागिरांनी भागभांडवल जमवून आपापसांतल्या कर्जव्यवहारासाठी उभारलेली, सहकार कायद्याखाली नोंदलेली बँक. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. भारतात या चळवळीचा माग काढत गेले की तो बडोद्याला येऊन थांबतो. १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने येथे ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ निघाली आणि देशातली पहिली ज्ञात परस्पर साहाय्य संस्था म्हणून तिचे नाव घेतले जाते. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ चा. तोवर मंडळी पंधरा वर्षांची झाली होती.

बडोद्यात त्या काळी पैशाची वाण नव्हती. हरिभक्ती, गोपाळराव मैराळ यांच्यासारख्या पेढ्यांनी एकेकाळी खुद्द दरबाराला आणि फौजेला पैसा पुरवलेला. पण ती सावकारी मोठ्यांची होती. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकीर्दीत (१८७५–१९३९) संस्थानाचा कारभार वाढला, तसा कचेऱ्यांतला कारकून आणि शाळांतला मास्तर हा वर्ग वाढला. त्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांत राहणारी मराठी कुटुंबे बरीच. या माणसाकडे तारण ठेवायला जमीन नाही, फार तर घरातले चार दागिने. आणि मुलीचे लग्न, मुंज, आजारपण पुढ्यात उभे. जर्मनीत शुल्त्स-डेलिच यांनी शहरी कारागिरांसाठी आणि राइफायझेन यांनी शेतकऱ्यांसाठी पतसंस्था उभारल्या होत्या. त्यांच्या यशाकडे पाहून भारतातले शिकलेले लोकही अशा प्रयोगांकडे वळले. सुरुवातीच्या मंडळ्या बहुतेक एकेका समाजाच्या आणि घरखर्चाच्या कर्जापुरत्या होत्या. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. सावकाराच्या वहीतून पगारदाराला सोडवणे हे तेव्हा मोठेच काम होते.

या बँकांचे खरे तारण म्हणजे जामीन. अर्जदार सभासद असावा लागतो. कर्जाच्या प्रमाणात त्याने शेअर घ्यायचे असतात. चालत आलेला नियम असा की तारणी कर्जावर अडीच टक्के आणि बिनतारणी कर्जावर पाच टक्के रक्कम शेअरमध्ये वळती होते. म्हणजे एक लाखाचे बिनतारणी कर्ज मंजूर झाले, तर पाच हजारांचे शेअर होतात आणि हाती पडतात पंचाण्णव हजार. फॉर्मवर सहसा दोन जामीनदार, तेही सभासद आणि शक्यतो नोकरदार. पगारातून हप्ता परस्पर कापून घ्यायचे संमतिपत्र वेगळे. जामीनदार सही करतो तेव्हा ‘नुसती सही तर करायची आहे’ असे त्याला सांगितलेले असते. भारतीय करार कायद्यानुसार (१८७२) मात्र त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि हप्ते थकले तर बँक थेट त्याच्याकडे वसुलीला येऊ शकते. त्यामुळे थकबाकीची नोटीस दोन-तीन घरी एकदम जाते, आणि ती घरे बहुधा एकमेकांच्या ओळखीची असतात. वसुली होते ती कोर्टाच्या धाकापेक्षा याच भिडेने.

१९०८ मध्ये सयाजीरावांनी स्थापन केलेली बँक ऑफ बडोदा हा याच गावातला दुसरा रस्ता : संयुक्त भांडवल, व्यापार-उद्योगाला पतपुरवठा, १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण, २०१९ मध्ये देना आणि विजया बँकांचे विलीनीकरण. तिच्याविषयी लिहिलेले पुष्कळ सापडते.

सहकारी बँकेची भीड एका मापापर्यंतच चालते. ठेवी बिगरसभासदांकडून येऊ लागल्या आणि कर्जे बिल्डर-दलालांना जाऊ लागली, की कोणी कोणाला ओळखत नाही. १ मार्च १९६६ पासून सहकारी बँकांना बँकिंग नियमन कायदा लागू झाला, पण अर्धवट : बँकिंगचा व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे, नोंदणी, निवडणूक, संचालक मंडळ हे सारे राज्याच्या सहकार निबंधकाकडे. या दुहेरी नियंत्रणात एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय झाली. मार्च २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक शेअर दलालांना दिलेल्या बेसुमार कर्जांपायी कोसळली. गुजरातेतल्या अनेक लहान सहकारी बँकांनी आपल्या ठेवी तिच्याकडे ठेवलेल्या होत्या, त्यामुळे एकीची आग दहा जणींना लागली. शेअर दलालांना कर्ज देण्यावर आणि एका नागरी सहकारी बँकेने दुसरीत ठेव ठेवण्यावर रिझर्व्ह बँकेने त्यानंतरच बंधने घातली. बडोद्याची ‘अन्योन्य’ही पुढे बँक झाली होती. तिच्यावर २००७ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि कालांतराने तिचाही कारभार गुंडाळला गेला. चळवळीचा आरंभ जिच्यापासून मोजतात ती संस्था अशी संपावी, याची मराठीत फारशी नोंद झाली नाही.

२०१९ मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे थकीत कर्जे लपवल्याचे प्रकरण घडले आणि धोरण हलले. बँकिंग नियमन कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने व्यवस्थापन, भांडवल आणि पुनर्रचना यांवरचे रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. डिसेंबर २०२२ मध्ये बँकांचे चार स्तर ठरले. १०० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या बँका, तसेच एकच शाखा असलेल्या आणि पगारदारांच्या बँका पहिल्या स्तरात. पुढचे टप्पे १,००० कोटी आणि १०,००० कोटी. पहिल्या स्तरासाठी जोखीमभारित मालमत्तेच्या (जोखमीच्या प्रमाणात मोजलेल्या कर्जे-गुंतवणुकीच्या) किमान ९ टक्के भांडवल, बाकीच्यांसाठी १२ टक्के. पगारदारांच्या बँकेला मोठ्यांच्या मापाने मोजायचे नाही, ही यातली शहाणपणाची गोष्ट. २०२५ च्या कायद्याने सहकारी बँकांच्या संचालकांची सलग मुदत आठ वर्षांवरून दहा केली. अध्यक्ष व पूर्णवेळ संचालक तिच्यातून वगळले आहेत, आणि वर्षानुवर्षे तीच नावे निवडून येणाऱ्या सभा पाहिलेल्या सभासदाला दहा वर्षे काही थोडी वाटणार नाहीत.

ठेवीदाराला सर्वांत जवळचा बदल ठेव विम्याचा. १९९३ पासून १ लाखावर अडकलेली मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत पैसे देण्याची तरतूद झाली. हिशेब मात्र बारकाईने पाहावा. ४ लाख ८० हजारांची मुदत ठेव आणि तिच्यावर साठलेले ३५ हजार व्याज मिळून होतात ५ लाख १५ हजार. वरचे १५ हजार विम्याबाहेर. एकाच नावाच्या बचत, चालू आणि मुदत ठेवी, सगळ्या शाखांतल्या, एकत्र मोजतात. पतिपत्नीचे संयुक्त खाते वेगळे धरतात. त्याच बँकेचे कर्ज असेल तर ते वजा होऊ शकते. शेअरची रक्कम ही ठेव नव्हे, तिला विमा नाही; कर्जासाठी सक्तीने घेतलेले पाच हजार बँकेबरोबर बुडाले तर बुडाले. पतसंस्थांतल्या ठेवींनाही हा विमा लागू नाही, पण पाटीवरचे नाव वाचून हा फरक कितीजण करतात?

२०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो) ६.५० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ५.२५ वर आला आणि मुदत ठेवींचे दर उतरले. अशा वेळी पाव-अर्धा टक्का जास्त देणारी सहकारी बँक निवृत्त माणसाला खुणावते. तो टक्का कुठून येतो हे वार्षिक अहवालातल्या निव्वळ थकीत कर्जांच्या (बुडीत कर्जांसाठीची तरतूद वजा जाता उरलेल्या) आकड्यावरून बरेच कळते. अहवाल सभासदाला मिळतो, वाचला जातो क्वचितच. देशातल्या नागरी सहकारी बँकांची संख्या २००४ मध्ये १,९२६ होती, ती २०२४ मध्ये १,४७२ राहिली. दुबळ्या बँका विलीन झाल्या किंवा बंद पडल्या. लहानांना तंत्रज्ञान आणि भांडवलाचा आधार मिळावा म्हणून मार्च २०२४ मध्ये एक शिखर वित्तसंस्था सुरू झाली. नव्या बँकांचे परवाने २००४ पासून बंद आहेत. ते पुन्हा द्यावेत का, यावर चर्चापत्र काढण्याचे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले.