पार्श्वभूमी : पिन बसते, मग चार्जिंग का होत नाही?

लॅपटॉपच्या चार्जरवर फोन चार्ज होतो, फोनचा चार्जर लॅपटॉपला लावला की ‘स्लो चार्जर’ची सूचना झळकते आणि ट्रिमरला तोच चार्जर लावला तर दिवासुद्धा लागत नाही. पिन तिन्हीकडे सी-टाइपच. अशा वेळी पोर्ट बदलायचा सल्ला चटकन मिळतो, पण पोर्ट अनेकदा ठणठणीत असतो.

बारीक पिन आणि जाड पिनचे दिवस बहुतेकांना आठवत असतील. २००९ मध्ये युरोपात मोठ्या मोबाइल कंपन्यांनी मायक्रो-यूएसबी स्वेच्छेने स्वीकारली. केबल आणि अडॅप्टर सुटे होत गेले, तसा दोष शोधणेही सोपे झाले : आधी केबल बदलायची, मग अडॅप्टर.

आजचा गुंता २०१४ मध्ये आलेल्या सी-टाइपपासून सुरू होतो. जुन्या यूएसबी चार्जरच्या पोर्टमध्ये ५ व्होल्ट कायम हजर असत. सी-टाइप चार्जर मात्र समोरच्या वस्तूत ५.१ किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग, दिसेपर्यंत वीज सोडतच नाही. केबलची दोन्ही टोके सारखी असल्याने दोन चार्जर एकमेकांना जोडले जाण्याचा धोका होता. त्यामुळे हा नियम योग्यच होता. पण अनेक स्वस्त वस्तूंमध्ये नेमका हा काही पैशांचा रेझिस्टर गाळला गेला. खोक्यात जुन्या चौकोनी टोकाची केबल असते, तिच्यावर वस्तू चालते, म्हणून ही उणीव लपून राहते. दोन्हीकडे सी-टाइप असलेली केबल लावली की वस्तू मेल्यासारखी पडून राहते. २०१९ मध्ये एका नावाजलेल्या छोट्या संगणकाच्या बोर्डवरही या रेझिस्टरची जोडणी चुकली होती आणि काही केबल्सवर तो सुरूच होत नव्हता.

याच्या उलटी चूक जास्त धोकादायक होती. चौकोनी टोक ते सी-टाइप अशा केबलमध्ये ५६ किलोओहमचा रेझिस्टर हवा. काहींनी १० किलोओहमचा घातला. त्यामुळे समोरून ३ अँपिअर मिळतील असे फोन समजायचा आणि जुन्या पोर्टवर तेवढा भार टाकायचा. केबल प्रमाणित करून घेणे आणि तिच्यावर क्षमता छापणे पहिल्यापासून सक्तीचे असते, तर ग्राहकाचा हा त्रास खूपसा वाचला असता.

वेगाच्या शर्यतीने त्यात भर घातली. वीज वाटपाचा सामाईक नियम, म्हणजे पॉवर डिलिव्हरी, २०१२ मध्येच आला होता. तरी फोन कंपन्यांनी आपापल्या वेगवान पद्धती काढल्या. म्हणूनच एका कंपनीचा ६५ वॅटचा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला कित्येकदा त्याच्या थोड्याच भागाएवढी वीज देतो. २०२१ मध्ये सामाईक नियमाची मर्यादा २४० वॅटवर गेली; पण ३ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाहासाठी केबलमध्ये चिप लागते, हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही.

भारताने सी-टाइप पोर्टचे मानक जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. युरोपात फोनसाठी सक्ती २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. या कायद्याची जमेची बाजू पिनपुरती नाही : १५ वॅटच्या वर चार्ज होणाऱ्या उपकरणाने स्वतःच्या पद्धतीबरोबर सामाईक पद्धतही पूर्णपणे चालवली पाहिजे, असे त्यात स्पष्ट आहे.

पोर्ट उघडण्याआधी अडॅप्टरवरची बारीक अक्षरे वाचावीत. तिथे १५ किंवा २० व्होल्टचा उल्लेखच नसेल, तर लॅपटॉप बहुधा दाद देणार नाही.