हिरवळ, मुंबईतील

हिरवळ : आखूड कापून सलग राखलेले बारीक गवत, बोलीत ‘लॉन’. हिरवळीच्या गवतांचे हवामानानुसार दोन गट पडतात. केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू, रायग्रास, बेंटग्रास ही थंड ऋतूची गवते १५ ते २४° से. तापमानात जोमाने वाढतात. हरळी, झोयशिया (माळ्यांच्या भाषेत ‘मेक्सिकन’) ही उष्ण ऋतूची गवते २७ ते ३५° से.मध्ये फोफावतात. मुंबईत बारमाही टिकतो तो दुसरा गट. बागकामाची बरीच पुस्तके आणि बियाण्याची पाकिटे मात्र पहिल्या गटाचे वेळापत्रक देतात. ते इथे जसेच्या तसे पाळल्याने पैसा आणि पाणी दोन्ही वाया जातात.

थंड ऋतूचे गवत इथे का टिकत नाही, याचे कारण त्याच्या अन्न तयार करण्याच्या पद्धतीत आहे. उष्णता वाढली की त्याचे प्रकाशश्वसन वाढते आणि कमावलेले कर्ब पुन्हा खर्च होते. हरळीच्या पानात कर्बवायू दाटून साठवण्याची सोय असल्याने हे नुकसान नगण्य राहते. मुंबईत मे महिन्यात रात्रीही पारा २६-२७° से.च्या खाली उतरत नाही. त्यामुळे दिवसाची कमाई रात्रीच्या श्वसनात जाते, मुळांची वाढ थांबते आणि दमट हवेत तपकिरी ठिपक्यांची बुरशी उरलेले गवत संपवते. श्रीनगर किंवा सिमल्यासारख्या थंड ठिकाणी मात्र हीच गवते उत्तम होतात. तिथे उन्हाळा सरता सरता पेरणी करतात, कारण जमीन अजून उबदार असते, हवा गार झालेली असते आणि तणांचा जोर ओसरतो.

हिवाळ्यापुरते रायग्रास पेरण्याची पद्धत उत्तर भारतातील मैदानांवर आहे. तिथे कडाक्याच्या थंडीने हरळी सुप्तावस्थेत जाऊन पिवळी पडते, म्हणून दर चौ. मी.ला ३० ते ४० ग्रॅम बी विखुरून चार महिने हिरवेपण टिकवतात. मुंबईत जानेवारीतही किमान तापमान साधारण १७ ते १९° से. असते, हरळीची वाढ मंदावते, पण ती झोपत नाही. इथली हिरवळ डिसेंबर ते मे या काळात पिवळी पडते ती थंडीने नव्हे, पाण्याच्या तुटवड्याने. म्हणून इथे रायग्रास पेरू नये. ते मार्च-एप्रिलमध्ये मरते आणि तोवर हरळीच्या वाट्याचे ऊन अडवून बसते.

मुंबईतील हिरवळीचे वर्ष मृगापासून सुरू होते. लागवडीची खरी तयारी त्याआधी, एप्रिल-मेमध्ये करावी. जमीन २० ते ३० सेंमी. खणून भरावातला राडारोडा, विटांचे तुकडे आणि मुख्य म्हणजे लव्हाळ्याच्या गाठी काढाव्यात. पाणी देऊन तण उगवू द्यावे, मुळासकट उपटावे, आणि हे दोन-तीनदा करावे. यात कुचराई झाली की लव्हाळा पुढे वर्षानुवर्षे पिच्छा सोडत नाही, कारण वरून कापला तरी तो गाठीतून पुन्हा फुटतो. दर १०० चौ. मी.ला सुमारे ५०० किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळावे आणि १ ते २ टक्के उतार ठेवावा. पहिल्या सरींनंतर वाफसा आला की मुळे असलेल्या कांड्या ७ ते १० सेंमी. अंतरावर टोकाव्यात. तयार गवताच्या गाद्या लगेच हिरव्या दिसतात, पण त्यांच्याबरोबर दुसऱ्याच्या शेतातले तणही येते.

कापणीत एकावेळी पानाच्या एक तृतीयांशाहून जास्त छाटू नये. हरळी २ ते ४ सेंमी. उंच ठेवावी, पावसाळ्यात ५ ते ७ दिवसांनी, हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी कापावी. बोथट पात्याने ओले गवत कापले तर टोके फाटून तपकिरी होतात. (गणपतीला वाहतात ती दूर्वा म्हणजे हीच हरळी, मात्र दूर्वेचे तीन पानांचे कोंब हवे असतील तर एक कोपरा न कापता राखावा लागतो.)

खतासाठी १०० चौ. मी.ला एका वेळी १ किलो युरिया पुरतो. तो जूनच्या सरी स्थिरावल्यावर, सप्टेंबरअखेर आणि फेब्रुवारीत द्यावा आणि लगेच पाणी द्यावे, नाहीतर पाने करपतात. जुलै-ऑगस्टच्या धो-धो पावसात टाकलेला युरिया गटारात जातो. त्या दिवसांत कोवळी पाने पिवळी पडली तर बहुधा मुळांशी पाणी साचलेले असते: आधी निचरा मोकळा करावा, मग उघडीप पाहून लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) मिसळून फवारावा.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. १ मिमी. पाणी म्हणजे चौ. मी.ला १ लिटर. हिवाळ्यात आठवड्याला २५ मिमी. लागते, एप्रिल-मेमध्ये ३५ ते ४०. म्हणजे १०० चौ. मी.ला १०,००० लिटरचा टँकर तेव्हा तीन आठवडेही पुरत नाही. पाणीकपात असेल तर हिरवेपणाचा हट्ट सोडावा. पंधरवड्याला हलके पाणी देऊन जमिनीखालची खोडे जगवली, तर वरून वाळलेली हरळी पहिल्या पावसानंतर पुन्हा फुटते.

पहिल्या पावसाबरोबरच हुमणीचे (मुळे खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे बाहेर पडतात आणि संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर जमतात. तेव्हाच झाडे हलवून गोळा केले तर पुढची पिढी टळते. गवताचा पट्टा गालिच्यासारखा सहज उचलला गेला, तर मुळे हुमणीने खाल्ली आहेत असे समजावे.

क्रिकेट किंवा फिरायला येणाऱ्यांमुळे माती घट्ट होते. पावसाळ्यानंतर ८ ते १० सेंमी. खोल भोके पाडून त्यांत वाळू भरावी.

मलबार हिलचे हँगिंग गार्डन जलाशयाच्या छतावर १८८०च्या दशकात झाले. आजच्या इमारतींच्या पोडियमवरील बागाही त्याच प्रकारच्या. तिथे ३० सेंमी. भिजलेली माती चौ. मी.ला अर्ध्या टनाहून अधिक भार देते, म्हणून इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय माती वाढवू नये. खालचा स्लॅब तापत असल्याने माती लवकर वाळते. पाणी थोडे आणि जास्त वेळा द्यावे.

हरळीला रोज किमान सहा तास ऊन लागते. पर्जन्यवृक्षाखाली ती विरळ होत जाते आणि पावसाळ्यात तिथे शेवाळ धरते. अशा जागी रुंद पानाचे सावलीचे गवत ५ ते ७ सेंमी. उंच राखावे, तेही न जमल्यास पालापाचोळ्याचे आच्छादन पसरावे.